अस्मानी कोणाची, सुलतानी कोणाची?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कळविले, ‘महासाथ आणि परदेशी व्यापारातील वाटाघाटी’. त्यांचा लगोलग फोन आला. म्हणाले, “अण्णा, हा प्राध्यापक मंडळींचा विषय. तुम्ही आपले बोनसवर बोला, लोक आवडीने ऐकतील.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. आम्ही सातवीत शाळा सोडलेला माणूस. इंग्रजी शिकलो ते वाचनालयातील शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि तेही मालकांची पत्रे वाचता यावीत एवढ्यापुरते. परंतु हा विषय आम्ही कोठून उकरून काढलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये तो आपण होऊन आमच्या दारी आला, चार ओळींच्या एका पत्राच्या रूपाने. त्या पत्राची हकीगत आधी सांगतो.

आपल्या सोलापुरातून टॉवेल परदेशी जातो हे तुम्हांस ठाऊक आहे. अशाच एका कारखान्यात आमची संघटना आहे. कामगार एकशेचाळीस, पुरुष मागावर, बाया हेमिंगला, चेकिंगला आणि गाठी बांधायला. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि माग थांबले. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याचा हुकूम निघाला की, बंद काळाचा पगार कापू नये. हुकूम हाती येताच आम्ही मालकांकडे मार्चचा आणि एप्रिलचा पगार मागितला. मालकांनी उत्तरादाखल आमच्या मोबाईलवर एका पत्राचे छायाचित्र पाठविले आणि खाली लिहिले, “अण्णा, आधी हे वाचा, मग भांडा.”

पत्र युरोपातील खरेदीदाराचे होते. मजकूर थोडक्यात असा : महासाथीमुळे आमची दुकाने बंद आहेत, सबब करारातील अमुक कलमाप्रमाणे आम्ही ‘फोर्स मेज्योर’ जाहीर करीत आहोत, तयार झालेला, तयार होत असलेला आणि बोटीवर चढलेला सर्व माल रद्द समजावा. खाली सही. पैशाबद्दल अक्षर नाही.

‘फोर्स मेज्योर’ हा शब्द आमच्या शब्दकोशात सापडला. फ्रेंच आहे. अर्थ, माणसाच्या आवाक्याबाहेरची मोठी शक्ती. वाचता वाचता ध्यानात आले की, हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. आपण त्याला अस्मानी-सुलतानी म्हणतो. जुन्या कौलांत आणि मक्त्याच्या कागदांत हे शब्द येतात. पाऊस पडला नाही, टोळधाड आली, ही अस्मानी. फौज गावावरून गेली, उभे पीक कापून नेले, ही सुलतानी. असे काही घडले तर सारा भरणाऱ्याने सूट मागावी आणि घेणाऱ्याने ती द्यावी, अशी ती रीत. ती पाळली जात होतीच असे आम्ही म्हणत नाही. न पाळल्याच्या कहाण्या घराघरांत आहेत. पण रीतीची दिशा लक्षात घ्या. सूट मागत होता तो कुणबी. देत होते ते सरकार. संकटाचा भार खालून वर सरकावा, यासाठी तो शब्द होता.

२०२० साली हाच शब्द उलट्या दिशेने धावला. ज्याची जगभर हजारो दुकाने, त्याने ज्याच्या चार शिलाई यंत्रांवर बँकेचे कर्ज त्याला सांगितले, आमच्यावर अस्मानी आली आहे, सूट द्या. आजचे आमचे सांगणे एवढ्या एका उलट्या प्रवासाविषयी आहे. तो झाला कसा, अडला कोठे, आणि वाटाघाटीच्या मेजावर त्याने काय बदल घडविला, हे पाहावयाचे आहे.

सोलापूर या व्यवहारात लहान गाव. हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा तर बांगलादेशात गेले पाहिजे. त्या देशाच्या निर्यातीतील शंभर रुपयांपैकी ऐंशीहून अधिक रुपये शिवलेल्या कपड्यांचे. कामगार सुमारे चाळीस लाख, त्यांत बायाच अधिक. त्या वेळी त्यांचे किमान वेतन महिना ८,००० टका होते. आता तेथील ऑर्डर चालते कशी, हे जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळी गोम त्यात आहे.

युरोपातील वा अमेरिकेतील कंपनी ढाक्याच्या कारखान्याला सांगते, अमुक लाख शर्ट, अमुक तारखेला. कापड बहुधा चीनमधून किंवा आपल्या देशातून आणावे लागते. ते कारखानदाराने आणावयाचे, आपल्या बँकेकडून पतपत्र उघडून. कापड येते, कापले जाते, शिवले जाते, इस्त्री होऊन खोक्यांत भरले जाते आणि चट्टग्राम बंदरात बोटीवर चढते. बोटीवर चढले की, नेहमीच्या शर्तींप्रमाणे पुढची जोखीम खरेदीदाराची. पूर्वी खरेदीदारही पतपत्र उघडीत असे. म्हणजे कागदपत्रे बरोबर असली की बँक पैसे देणार, खरेदीदाराचे मन असो वा नसो. हळूहळू बड्या खरेदीदारांनी ही चाल सोडली. आता माल आधी, पैसे साठ, नव्वद दिवसांनी, आणि हमी म्हणून नुसता करार. दर कमी करणे सगळ्यांना दिसते; पैसे उशिरा देणे कोणाला दिसत नाही. म्हणून तेथे ओरड झाली नाही.

याचा हिशेब मांडून पाहा. लंडनच्या दुकानदाराला ढाक्याचा कारखानदार उधार देतो. कारखानदाराला बँक उधार देते. आणि या सर्वांच्या खाली शिलाई यंत्रावर बसलेली बाई उधार देते, कारण ती महिनाभर आधी राबते आणि पगार पुढच्या महिन्यात घेते. तिच्या या कर्जाला व्याज नाही, तारण नाही. आम्ही गेली तीस वर्षे पगारवाढीसाठी भांडलो. पण कामगार हा सावकार आहे, हे आम्हांस त्या चार ओळींच्या पत्राने शिकविले. उशिराने शिकलो, हे कबूल केले पाहिजे.

मार्च २०२० मध्ये युरोपातील दुकाने एकामागून एक बंद झाली आणि ढाक्यात तशीच पत्रे येऊ लागली. २७ मार्चला अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ॲनर यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी बांगलादेशातील ३१६ कारखानदारांना विचारले होते. ऑर्डरी रद्द झाल्या तेथे, आधीच विकत घेतलेल्या कापडाचे पैसे देण्यास शेकडा ७२ खरेदीदारांनी नकार दिला होता, आणि कापणी-शिलाईची मजुरी देण्यास शेकडा ९१ जणांनी. कापड निदान दिसते, हाताला लागते. त्यामुळे थोड्यांना तरी त्याची लाज वाटली. मजुरी हवेत गेली. कारखानदारांच्या संघाने जी गोळाबेरीज केली तीत साडेअकराशे कारखान्यांच्या मिळून सुमारे ३१८ कोटी डॉलरच्या ऑर्डरी रद्द झालेल्या वा लांबणीवर पडलेल्या होत्या.

सरकारने पगारासाठी ५,००० कोटी टक्यांचे कर्ज कारखानदारांना देऊ केले. पण ४ एप्रिलला जे घडले ते विसरण्याजोगे नाही. कारखाने दुसऱ्या दिवशी उघडणार, अशी बातमी गावोगाव गेली. बस बंद, आगगाडी बंद, बोटी बंद. हजारो कामगार, डोक्यावर बोचकी घेऊन, लेकरे कडेवर घेऊन, मैलोगणती चालत ढाक्याकडे निघाले. हजर झालो नाही तर नोकरी जाईल, हे भय. रात्री उशिरा निरोप फिरला की, कारखाने बंदच राहतील. बहुतेक लोक तोवर पोचले होते. त्याच सुमारास आपल्या देशातील रस्त्यांवर माणसे शहरांतून गावाकडे चालत होती. तेथे गावांतून शहराकडे. ज्या मेजावर हा निर्णय झाला त्या मेजाशी या चालणाऱ्यांपैकी कोणीही बसलेले नव्हते. पुढे सरकार, मालक व संघटना यांचे बोलणे होऊन एप्रिलमध्ये घरी बसलेल्यांना ६५ टक्के पगार ठरला.

खरेदीदारांचीही बाजू आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रायमार्क नावाची दुकानांची साखळी घ्या. ती कंपनी इंटरनेटवरून माल विकत नव्हती. तिची महिन्याची विक्री ६५ कोटी पौंड होती, ती दुकाने बंद होताच शून्यावर आली. डेबेनहॅम्स हे जुने मोठे नाव ९ एप्रिललाच दिवाळखोरीच्या कारभाऱ्यांच्या हाती गेले. म्हणजे सगळेच ढोंग होते असे नाही. पण संकट खरे असणे वेगळे, आणि ते कोणाच्या गळ्यात घालावयाचे हे ठरविणे वेगळे. पहिले काम विषाणूने केले. दुसरे कलम लिहिणाऱ्याने केले, आणि ते महासाथीच्या कितीतरी आधी, शांतपणे, वातानुकूलित खोलीत बसून केले. आम्ही सुलतानी म्हणतो ती ही.

मग प्रश्न असा की, हे ‘फोर्स मेज्योर’ कायद्याने चालते काय? आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे ५६ वे कलम आहे. एखादी गोष्ट करणे अशक्यच झाले तर करार सुटतो, असा त्याचा आशय. अशक्य आणि गैरसोयीचे यांत अंतर आहे. याबाबत मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे एप्रिल २०२० मध्येच एक प्रकरण आले. पोलाद आयात करणारे आपलेच व्यापारी न्यायालयात गेले होते. माल दक्षिण कोरियातून निघाला होता, पतपत्रे उघडलेली होती. व्यापारी म्हणाले, टाळेबंदी आहे, बँकांनी पैसे देऊ नयेत असा मनाई हुकूम द्या. न्यायालयाने ८ एप्रिलला नकार दिला. विक्रेत्याने आपले काम पुरे केले आहे. टाळेबंदी थोड्या काळाची आहे. तेवढ्याने पैसे देण्याचे बंधन सुटत नाही. आणि तुम्ही दाखविता ते कलम तर विक्रेत्याच्या सोयीचे आहे, तुमच्या नव्हे. हा निकाल आम्ही दोनदा वाचला. कोरियाचा विक्रेता तरला तो पतपत्रामुळे. ढाक्याच्या शिंप्याजवळ पतपत्र असते तर त्यालाही असाच आधार होता.

शिवाय ताकदीचा प्रश्न आहेच. चीनमध्ये तेथील व्यापारवृद्धी मंडळाने फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कंपन्यांना ‘फोर्स मेज्योर’ची प्रमाणपत्रे वाटली, मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ४,८०० च्या वर. तसेच कारण पुढे करून चीनच्या एका सरकारी तेल-वायू कंपनीने फ्रान्सच्या टोटल कंपनीचा वायू घेणे नाकारले. टोटलने ती नोटीस साफ फेटाळली. टोटलला ते परवडते. ढाक्याच्या कारखानदाराला नोटीस फेटाळणे सोडा, मोठ्याने बोलणेही परवडत नाही. फिर्याद करावयाची तर लंडनच्या कोर्टात, तेथल्या वकिलाच्या फीने. आणि फिर्याद केली की पुढची ऑर्डर बंद. ज्याच्याशी उद्या सोयरीक करावयाची त्याच्यावर आज दावा कोण लावतो?

म्हणून हा तंटा कोर्टात सुटला नाही. तो सुटला, जेवढा सुटला तेवढा, चव्हाट्यावर. वाटाघाटीच्या इतिहासात खरा बदल आम्हांस येथे दिसतो. मार्चच्या अखेरीस बांगलादेशच्या कारखानदार संघाच्या त्या वेळच्या अध्यक्षा रुबाना हक यांनी एक चित्रफीत काढून खरेदीदारांना सरळ आवाहन केले की, निदान तयार माल तरी घ्या. अमेरिकेतील कामगार हक्कांची एक संस्था आणि प्रा. ॲनर यांचे केंद्र यांनी मिळून उघड यादी सुरू केली : अमुक कंपनी पैसे देणार, अमुक देणार नाही. गिऱ्हाइके इंटरनेटवर कंपन्यांना नाव घेऊन विचारू लागली, पैसे कधी देता? वाटाघाट दोघांत चालली होती. तिसरा माणूस खिडकीतून डोकावू लागला. स्वीडनच्या एच. अँड एम. कंपनीने मार्च संपण्याच्या आतच जाहीर केले की, तयार आणि तयार होत असलेला माल ठरल्या भावाने घेऊ. मग इतरांची रांग लागली. एप्रिलमध्ये प्रायमार्कनेही ३७ कोटी पौंडांचा जादा माल घेण्याचे कबूल केले. जानेवारीत ज्या करारांना कोणी हात लावू शकत नव्हते ते एका यादीने हलले. आम्हांला याचे नवल वाटले नाही. गेटसभेला उभा असलेला पानवाला कधी कधी मालकाचे मन वळवितो, हे आम्ही पाहिलेले आहे.

सगळ्यांनी पैसे दिले असे नाही. ज्या कंपन्यांचे दिवाळे वाजले त्यांच्याकडून शिंप्याला मिळणार ते बँकांचे कर्ज फिटल्यावर उरले तर. आणि मे महिन्यात बांगलादेशच्या संघाने ब्रिटनमधील एका कपड्यांच्या समूहाला तंबी दिली की, देणी चुकती करा, नाहीतर आमचा एकही सभासद तुमचे काम घेणार नाही. बंधुभगिनींनो, काम घेणार नाही! याला आपण काय म्हणतो? एप्रिलमध्ये तर बांगलादेश, चीन, पाकिस्तान, व्हिएतनाम, कंबोडिया आणि म्यानमार अशा सहा देशांतील नऊ उत्पादक संघांनी एकत्र पत्रक काढले की, खरेदीदारांनी जबाबदारीने वागावे, करार पाळावेत. जन्मभर जे कामगारांना सांगत आले की, युनियन म्हणजे बाहेरच्यांची फूस, त्या कारखानदारांनी सहा देशांची युनियन केली. आम्हांला आनंद झाला, हसूही आले. त्या सहांत भारत नव्हता, एवढे मात्र खटकले.

आता पडद्याविषयी थोडे बोलतो, कारण महासाथीने वाटाघाटी बदलल्या म्हटले की लोकांना आधी तेच आठवते. आमची पहिली पडद्यावरची बैठक त्याच टॉवेलच्या मालकांशी झाली. ते आपल्या घरी, मागे पंखा, टेबलावर सरबत. इकडे आम्ही पाच जण एका पत्र्याच्या खोलीत, स्टुलावर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवून मोबाईल. फुकटची बैठक चाळीस मिनिटांत आपोआप तुटते, हे आम्हांस माहीत नव्हते, मालकांना होते. एकोणचाळिसाव्या मिनिटापर्यंत ते खरेदीदाराचे दुःख सांगत राहिले. आम्ही पगारावर आलो आणि पडदा काळा झाला.

इतक्या वर्षांत आमचे एकही समेटाचे बोलणे मेजावर जमलेले नाही. मेजावर ज्याने त्याने आपला झेंडा फडकवायचा. मग चहा येतो, कोणी विडी ओढायला बाहेर जातो, जिन्यात मालकांचा मॅनेजर हळूच म्हणतो, “अण्णा, बारा टक्क्यांवर मिटवा ना.” पडद्याला जिना नाही. जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद जून २०२० मध्ये कझाकस्तानात व्हावयाची होती. ती महासाथीमुळे पुढे गेली, २०२१ च्या अखेरीस पुन्हा पुढे गेली, आणि जिनिव्हात भरली ती जून २०२२ मध्ये. मधल्या काळात, लसींच्या पेटंटांचे बंधन तात्पुरते उठवावे, हा भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी मांडलेला प्रस्ताव बैठकांमागून बैठकांत घोळत पडला. शेवटी माणसे समोरासमोर बसली, परिषद दोन दिवसांनी लांबली, आणि १७ जूनच्या पहाटे निर्णय निघाला. तोही मूळ मागणीच्या मानाने आखूड. वीस महिने गेले. औषधाच्या तंट्यात वीस महिने म्हणजे काय, हे या सभेतील अनेकांना सांगावे लागणार नाही.

कपड्याच्या धंद्यात पडद्याने आणखी एक गंमत केली. पूर्वी खरेदीदार ढाक्यात, तिरुपूरला, आपल्याकडे येत. कापड बोटांत चोळून पाहत, कारखान्यातून एक फेरी मारीत. ती फेरी दिखाऊ असे हे खरे. भिंतींना आदल्या दिवशी रंग लागे. पण निदान त्यांच्या डोळ्यांना माणसे दिसत. आता नमुना पडद्यावर फिरतो, कापडाची घडी संगणक पाडतो. माणूस दिसला नाही की त्याची मजुरी नाकारणे सोपे जाते, असे आमचे मत आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ढाक्यातील कामगार पुढाऱ्याला जर्मनीतील बैठकीसाठी व्हिसा आणि विमानभाडे लागे, तो आता खोलीत बसून बोलू शकतो. पडदा गरिबालाही स्वस्त पडतो. फक्त चाळीस मिनिटांचे भान ठेवावे लागते.

महासाथीच्या त्या धामधुमीतही एक वाटाघाट अशी झाली की तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. त्यानंतर कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांत इमारतींच्या सुरक्षिततेचा करार झाला, आणि तो कायद्याने बंधनकारक होता. इच्छा असेल तर पाळा, असा नव्हे. त्याची मुदत मे २०२१ अखेर संपत होती. मुदत तीन महिने वाढवून बोलणी चालू राहिली. धंद्यावर संकट आहे, आता बंधने नकोत, असे म्हणण्यास त्या वर्षी सबब तयार होती. तरीही १ सप्टेंबर २०२१ पासून नवा करार लागू झाला, बंधनकारकच राहिला, आणि बांगलादेशाबाहेरही नेता येईल अशी त्यात सोय झाली. पुढे तो पाकिस्तानात गेला. खरेदीदार आणि कामगार यांनी सही केलेला कागद असला तर अस्मानीतही तो टिकतो, याचा हा दाखला.

पण दराच्या बोलण्यात काय झाले? ऑक्टोबर २०२० मध्ये प्रा. ॲनर यांनी दुसरी पाहणी छापली, या वेळी पंधरा देशांतील ७५ कारखाने. भाव मागील वर्षाहून सरासरी १२ टक्के खाली मागितले जात होते, आणि पैसे मिळण्यास पूर्वी ४३ दिवस लागत तेथे ७७ दिवस लागत होते. म्हणजे रद्द केलेले पुन्हा दिले, ते असे दिले. पुढच्या वर्षी वारे फिरले. दुकाने उघडली, माल मिळेना, चाळीस फुटी पेटीचे जगातील सरासरी बोटभाडे २०१९ साली दीड हजार डॉलरच्या आसपास होते ते सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजारांवर गेले. बांगलादेशाची कपड्यांची निर्यात २०१९-२० मध्ये २,८०० कोटी डॉलरच्या आत घसरली होती, ती २०२१-२२ मध्ये ४,२०० कोटींच्या वर गेली. त्या तेजीच्या काळात तेथील किमान वेतन ८,००० टकाच होते. ते १२,५०० झाले डिसेंबर २०२३ मध्ये, आणि तेही त्या आधीच्या आंदोलनात माणसे मेल्यावर.

आता आमच्या कारखान्याचे काय झाले ते सांगून संपवितो. गृहखात्याचा हुकूम मे महिन्यात मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-कामगारांनी आपसांत बोलून मिटवावे. बोललो. एप्रिलचा अर्धा पगार मिळाला, तोही तीन हप्त्यांत. खरेदीदाराने सप्टेंबरमध्ये तोच माल पंधरा टक्के सूट घेऊन उचलला. पुढच्या वर्षी त्याची नवी ऑर्डर आली. मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी तो कागद आम्हांस दाखविला. कलम तेच, फक्त आग, पूर, युद्ध, संप यांच्या यादीत ‘महासाथ’ हा शब्द वाढला होता. संप हा पुराच्या आणि भूकंपाच्या पंक्तीला बसविलेला पाहून आम्हांस क्षणभर थोरपण वाटले.

गेटसभेत आम्ही ते कलम मराठीत वाचून दाखविले. हेमिंगवरच्या एका वयस्क बाईने विचारले, “अण्णा, त्यांच्यावर अस्मानी आली तर ते आपल्याला कळवणार. आपल्यावर आली तर आपण कोणाला कळवायचं? ते लिहिलंय का कुठं?” आम्ही कागद पुन्हा पाहिला. लिहिलेले नव्हते.

त्यानंतरच्या मागणीपत्रात आम्ही एक नवी मागणी घातली : परदेशी ऑर्डरवर सही होण्याआधी पैसे देण्याची मुदत आणि रद्द करण्याचे कलम संघटनेला दाखवावे, आणि शिवलेल्या मालाची मजुरी कोणत्याही कारणाने बुडणार नाही, असे खरेदीदाराकडून लिहून घ्यावे. मालक म्हणाले, “अण्णा, हे मी त्यांना सांगितलं तर ऑर्डर करूरला जाईल.” म्हणून आम्ही तमिळनाडूत, करूरच्या कामगार मंडळींना पत्र घातले, इंग्रजीत, शब्दकोश घेऊन, दोन रात्री बसून. गेल्या महिन्यात त्यांचे उत्तर आले. त्यांचीही मागणी तशीच आहे. आणि त्यांचे मालक त्यांना सांगतात की, असे काही मागितले तर ऑर्डर सोलापूरला जाईल.